रॉबर्ट डोनॅट : आवाज आणि श्वास



इंग्लंडच्या रंगभूमीचा आणि बोलपटांचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे कांहीं नांवें आपोआप ओठांवर येतात. लॉरेन्स ऑलिव्हिए, जॉन गिलगुड, राल्फ रिचर्डसन, चार्ल्स लाफ्टन हीं तीं नांवें होत. त्यांच्याच पिढींतला, त्यांच्याच तोडीचा, आणि एके काळीं पडद्यावरील लोकप्रियतेंत त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या पुढें असलेला एक नट आज मात्र बराचसा विस्मृतींत गेला आहे. त्याचें नांव रॉबर्ट डोनॅट. सुमारें सव्वीस वर्षांच्या चित्रपट-कारकीर्दींत त्याच्या नांवावर विसापेक्षां कमीच चित्रपट आहेत. तरीहि ज्या वर्षीं ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटानें सारी अमेरिका डोक्यावर घेतली, त्या वर्षाचें सर्वोत्कृष्ट नटाचें ऑस्कर पारितोषिक त्या चित्रपटाच्या नायकाला, क्लार्क गेबलला, न मिळतां या इंग्रज नटाला मिळालें. इतकी योग्यता असतां त्याचें काम इतकें थोडें कां, असा प्रश्न सहजच पडतो. आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

डोनॅटचा जन्म १८ मार्च १९०५ रोजीं मँचेस्टर शहराच्या विदिंग्टन या भागांत झाला. मँचेस्टर म्हणजे कापसाचें, गिरण्यांचें आणि धुराचें शहर. वडील परदेशांतून येऊन तेथें स्थायिक झालेले इंजिनिअर होते. घरीं नाटकाची परंपरा नव्हती, आणि या मुलाकडे पाहून हा पुढें बोलण्याच्या जोरावर नांव मिळवील असें कोणासहि वाटलें नसतें. कारण लहानपणीं तो बोलतांना अडखळत असे. शिवाय त्याच्या बोलण्यांत त्या प्रांताचा ठसठशीत हेल होता, आणि त्या काळच्या लंडनच्या रंगभूमीवर असा हेल केवळ विनोदी नोकराच्या तोंडीं शोभतो अशी समजूत होती.

या मुलास जेम्स बर्नार्ड नांवाचे वक्तृत्व-शिक्षक भेटले. त्यांनीं त्याची जीभ सोडविली, उच्चार घासूनपुसून स्वच्छ केले, आणि शब्दाला वजन कसें द्यावें हें शिकविलें. शिकवणीचा खर्च भागावा म्हणून डोनॅटनें शाळा लवकरच सोडली आणि तो या शिक्षकांचाच कारकून म्हणून काम करूं लागला. मी आयुष्यभर मास्तरकी केली असल्यामुळें या गोष्टीचें मला विशेष वाटतें. पुढें ज्या आवाजाची कीर्ति दोन खंडांत पसरली, तो आवाज निसर्गानें आयता दिलेला नव्हता. एका शिक्षकानें आणि एका विद्यार्थ्यानें मिळून, अक्षर अक्षर करून, तो घडविलेला होता.

वयाच्या सोळाव्या वर्षीं, म्हणजे १९२१ सालीं, हेन्री बेंटन यांच्या मंडळींतून बर्मिंगहॅम येथें तो प्रथम रंगभूमीवर आला. नाटक शेक्सपिअरचें ‘ज्यूलिअस सीझर’, आणि भूमिका ब्रूटसच्या सेवेंतील ल्यूशिअस या पोराची. पुढें १९२४ सालीं तो सर फ्रँक बेन्सन यांच्या नाटक मंडळींत दाखल झाला. हे बेन्सन म्हणजे गांवोगांव शेक्सपिअर नेणारे जुन्या परंपरेचे नट. १९१६ सालीं ड्रुरी लेन नाट्यगृहांत ते सीझरच्या वेषांत असतांनाच पंचम जॉर्ज बादशहांनीं त्यांना ‘सर’ ही पदवी दिली होती. अशा फिरत्या मंडळींत तरुण नटाची जी तालीम होते, ती कोणत्याहि विद्यालयांत होत नाहीं. आज एक नाटक तर उद्यां दुसरें. आज भालदार तर उद्यां सरदार. आज लहान नाट्यगृह तर उद्यां मोठें. शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकाला शब्द न् शब्द ऐकूं गेला पाहिजे, हा तेथील पहिला धडा. ध्वनिवर्धकाची सोय त्या काळीं नव्हती. छातींत श्वास भरावयाचा आणि त्या श्वासावर लांबलचक पद्यपंक्ति न तुटतां शेवटपर्यंत न्यावयाची, हें नटाचें खरें भांडवल होतें.

त्यानंतर केंब्रिजच्या फेस्टिव्हल थिएटरमध्यें कांहीं काळ काढून १९३० च्या सुमारास तो लंडनला आला. १९३१ सालीं ‘प्रेशस बेन’ या नाटकांतील त्याच्या भूमिकेनें जाणत्यांचें लक्ष वेधलें, आणि १९३३ सालीं जेम्स ब्रायडी यांच्या ‘अ स्लीपिंग क्लर्जिमन’ या नाटकांत आजोबा व नातू अशा दोन्ही भूमिका करून त्यानें लंडनवर आपला ठसा उमटविला. याच सुमारास अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्यानें त्याला चित्रपटांत आणलें. पडद्यासाठीं घेतलेल्या चाचण्यांत डोनॅट वारंवार नापास झाला होता. कोर्डाच्या चाचणींतहि सारें बिनसल्यावर त्याला मनापासून हसूं फुटलें आणि त्या हसण्यावरच कोर्डानें त्याची निवड केली, अशी आख्यायिका सांगतात. १९३३ सालच्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ या चित्रपटांत राणी कॅथरिन हॉवर्डवर प्रेम करणाऱ्या कल्पेपरची भूमिका त्यानें केली. चित्रपट लाफ्टनचा होता. परंतु हा उंच, देखणा, मृदु स्वराचा तरुण कोण, अशी विचारणा अमेरिकेंतहि होऊं लागली.

लगेच हॉलिवूडचें बोलावणें आलें. १९३४ सालीं ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या चित्रपटांत त्यानें नायकाची भूमिका केली, चित्रपट गाजला, आणि डोनॅट मायदेशीं परत आला. हॉलिवूडमध्यें त्यानें केलेला हा एकच चित्रपट. १९३५ सालीं आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ आला. खोट्या आरोपामुळें पोलीस ज्याच्या मागें आहेत असा नायक चुकून एका राजकीय सभेंत शिरतो, आणि लोक त्यालाच वक्ता समजून व्यासपीठावर उभें करतात. काय बोलावयाचें हें त्याला ठाऊक नाहीं, कोणाविषयीं बोलावयाचें हेंहि ठाऊक नाहीं. तरी तो बोलूं लागतो आणि हळूहळू सभा जिंकतो. हा प्रसंग ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना डोनॅटच्या वाणीची करामत निराळी सांगावयास नको. त्याच वर्षीं रने क्लेर या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘द घोस्ट गोज वेस्ट’ या विनोदी चित्रपटांत त्यानें वंशज आणि पूर्वजाचें भूत अशा दोन भूमिका केल्या. वयाची तिशी नुकतीच लोटली होती, आणि जगांतील कोणताहि चित्रपट मागावा व तो मिळावा अशी त्याची स्थिति होती.

येथून या कथेंत दुसरें पात्र प्रवेश करतें, आणि तें म्हणजे दमा.

दमा म्हणजे काय, हें आपल्यापैकीं अनेकांनीं आपापल्या घरीं पाहिलेलें असतें. सामान्य समजूत अशी कीं दमेकऱ्याला श्वास आंत घेतां येत नाहीं. वस्तुत: त्याची मोठी अडचण श्वास बाहेर सोडण्याची असते. फुप्फुसांतील बारीक नळ्या आखडतात, सुजतात, त्यांत कफ साठतो, आणि आंत गेलेली हवा बाहेर पडतांना शीळ घालते. आतां माणसाचें बोलणें हें सारें बाहेर पडणाऱ्या श्वासावर चालतें. बाहेर जाणारी हवा कंठांतून जातांनाच तिचा शब्द होतो. तेव्हां दमा हा रोग कोणासहि कष्टदायकच. परंतु वाणीवर जगणाऱ्या नटाच्या तो थेट भांडवलावरच घाला घालतो. चित्रकाराच्या बोटांना कंप सुटावा, तसा हा प्रकार.

त्या काळीं उपाय तरी काय होते? धोतऱ्याच्या जातीच्या वनस्पतींचा धूर घेण्याचा जुना उपचार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्याच देशांतून इंग्लंडांत गेला होता. अॅड्रेनलिनचीं इंजेक्शनें होतीं, एफेड्रिन होतें, आणि झटका अनावर झाला म्हणजे प्राणवायूचें नळकांडें होतें. खिशांत बाळगतां येण्याजोगा, ठराविक मात्रेचा फवारा देणारा श्वासोपचार १९५६ सालीं निघाला. सॅल्ब्युटामॉल हें आज घरोघरीं ठाऊक असलेलें औषध १९६९ सालचें. डोनॅटचा मृत्यु १९५८ सालचा. म्हणजे औषधांच्या इतिहासांत हा माणूस उंबरठ्याच्या अलीकडेच राहिला.

या रोगानें त्याच्या हातून काय काय गेलें तें पाहूं. ‘कॅप्टन ब्लड’ या चित्रपटाची नायकाची भूमिका प्रथम त्याच्याकडे आली होती. ती त्यानें केली नाहीं, आणि एरॉल फ्लिन हा तोंवर अपरिचित असलेला तरुण त्या भूमिकेनें एका रात्रींत प्रसिद्धीस आला. ‘नाइट विदाउट आर्मर’ या १९३७ सालच्या चित्रपटाच्या वेळीं डोनॅट ऐन चित्रीकरणांत आजारी पडला. बोलपटाच्या धंद्यांत एक एक दिवस म्हणजे मोठी रक्कम. कलावंत, कारागीर, मांडलेले देखावे सारे खोळंबून राहतात. दुसरा नट घ्यावा असा विचार निघाला. त्या वेळीं चित्रपटाची नायिका मार्लेन डिट्रिख हिनें त्याच्यासाठीं थांबण्याची तयारी दाखविली, आणि त्यामुळें भूमिका त्याच्याकडे राहिली. इतर नट भूमिका निवडतांना कथा पाहत, मोबदला पाहत. डोनॅटला त्याबरोबर आपली छाती हें काम पुरें होईपर्यंत साथ देईल कीं नाहीं याचाहि विचार करावा लागे. असा माणूस पुष्कळदां नाहीं म्हणतो. बाहेरच्यांना तो लहरी वाटतो.

याच काळांत त्यानें आपलीं दोन थोर कामें केलीं. पहिलें १९३८ सालच्या ‘द सिटाडेल’ या चित्रपटांतील. ए. जे. क्रोनिन यांच्या कादंबरीवरील या कथेचा नायक वेल्समधील कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांचा तरुण डॉक्टर असून, खाणींतील धुळीमुळें मजुरांच्या फुप्फुसांना जो रोग जडतो त्याचें तो संशोधन करतो. याच कथेवर पुढें १९७१ सालीं ‘तेरे मेरे सपने’ हा हिंदी चित्रपट निघाला, हें कांहीं श्रोत्यांना आठवत असेल. स्वत: श्वासासाठीं झगडणारा नट दुसऱ्यांच्या खोकल्याचें कारण शोधणाऱ्या डॉक्टरच्या भूमिकेंत उभा होता. परंतु त्यानें तेथें आपल्या दुखण्याचें प्रदर्शन केलें नाहीं. या भूमिकेसाठीं ऑस्करकरितां त्याचें नांव सुचविलें गेलें.

दुसरें काम १९३९ सालचें, ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’. जेम्स हिल्टन यांची मूळची छोटी कादंबरी १९३४ सालची. लॅटिन शिकविणारा एक बुजरा, भित्रा मास्तर. पहिल्या दिवशीं वर्ग त्याची फजिती उडवितो. पुढें तो इतका कडक होतो कीं मुलें त्याला वचकतात, पण कोणी त्याच्यावर प्रेम करीत नाहीं. आणि मग पत्नीच्या सहवासांत त्याला मुलांशीं हसावयास येऊं लागतें. ती पत्नी बाळंतपणांत जाते. शिक्षक शाळेंत राहतो. या कथेंत मोठी घटना म्हणावी अशी एकहि नाहीं. आणि हेंच नटापुढील आव्हान होतें. त्या वेळीं डोनॅटचें वय चौतीस. कथेंतील शिक्षक पंचविशीच्या आसपास शाळेंत येतो आणि त्र्यांयशी वर्षांचा होऊन जग सोडतो. बोलपटाचे प्रसंग क्रमानें चित्रित होत नाहींत. सोयीप्रमाणें सकाळीं म्हातारपण आणि दुपारीं तारुण्य असेंहि घडतें. अशा कामासाठीं डोनॅट भूमिकेच्या भावनांचा चढउतार कागदावर तक्त्याप्रमाणें मांडून ठेवीत असे. कोणत्या प्रसंगीं मन कोठवर पोंचलें आहे, हें त्या तक्त्यावरून त्याला कळे. हा परिपाठ एखाद्या काळजीवाहू शिक्षकाच्या पाठटिपणाची आठवण करून देतो.

रंगभूषेनें केस पांढरे करतां येतात. आवाज पांढरा करतां येत नाहीं. डोनॅटनें तो केला. तरुण शिक्षकाचा स्वर जरा उंच, घाईचा, पाठ म्हटल्यासारखा. म्हाताऱ्याचा स्वर मध्येंच थांबणारा, श्वास घेऊन पुढें सरकणारा, शब्दाच्या शेवटीं हळूच हसणारा. पहिल्या महायुद्धाच्या काळांत शाळेंतून रणांगणावर गेलेल्या मुलांचीं नांवें हा शिक्षक प्रार्थनामंदिरांत वाचून दाखवितो. त्यांत तो आपल्या एका जुन्या सहकाऱ्याचेंहि नांव घेतो, आणि तो सहकारी जर्मन असून जर्मनीच्या बाजूनें लढतां लढतां मेलेला असतो. चित्रपट १९३९ सालच्या मध्यास लागला. सप्टेंबरांत दुसरें महायुद्ध सुरू झालें. हा प्रसंग ज्या प्रेक्षकांनीं त्या उन्हाळ्यांत पाहिला, त्यांच्या घरचीं मुलें वर्षाच्या आंत गणवेषांत गेलीं असतील. चित्रपट इतका मनास कां लागला याचें एक कारण माझ्या मतें येथें आहे.

१९४० च्या फेब्रुवारींत त्या वर्षाचें पारितोषिक जाहीर झालें. गेबलखेरीज ऑलिव्हिए, जेम्स स्टुअर्ट आणि मिकी रूनी यांचींहि नांवें स्पर्धेंत होतीं. भपकेबाज कथानकांच्या त्या वर्षांत एका खेड्यावजा शाळेंतील मास्तराची भूमिका सर्वश्रेष्ठ ठरली, याचा आम्हां शिक्षकांना थोडा अभिमान वाटला तर श्रोते क्षमा करतील.

ऑस्कर मिळालेला नट पुढें दरसाल दोन चित्रपट करता, तर नवल नव्हतें. डोनॅटनें पुढील पांच वर्षांत तीनच केले. मात्र युद्धकाळांत तो लंडनच्या रंगभूमीवर होता. १९४३ सालीं शॉच्या ‘हार्टब्रेक हाउस’ मध्यें म्हाताऱ्या कॅप्टनची भूमिका त्यानें केली आणि वेस्टमिन्स्टर थिएटरचें चालकत्वहि कांहीं काळ पत्करलें. १९४८ सालच्या ‘द विन्स्लो बॉय’ या चित्रपटांत तो बॅरिस्टर झाला. मूळ घटना खरी आहे. १९०८ सालीं नौदलाच्या विद्यालयांतील तेरा वर्षांच्या एका मुलावर पांच शिलिंगांच्या पोस्टल ऑर्डरच्या चोरीचा आळ येऊन त्याला काढून टाकण्यांत आलें, आणि सर एडवर्ड कार्सन यांनीं त्याचा कैवार घेऊन तो निर्दोष असल्याचें सरकारकडून कबूल करविलें. चित्रपटांत बॅरिस्टर त्या मुलाची उलटतपासणी इतक्या निष्ठुरपणें घेतो कीं मुलाला रडूं कोसळतें आणि घरचीं माणसें संतापतात. आणि नेमक्या त्याच क्षणीं तो शांतपणें सांगतो कीं मुलगा निरपराध आहे, खटला मी घेतों. या तपासणींत डोनॅटचा आवाज कोठेंहि चढत नाहीं. पट्टींत न चढतां धार वाढविणें, ही विद्या थोड्यांनाच साधते.

१९४९ सालच्या ‘द क्यूअर फॉर लव्ह’ या चित्रपटाचें दिग्दर्शनहि त्यानेंच केलें. कथा त्याच्याच लँकेशर प्रांतांतली. ज्या प्रांतिक हेलाला लहानपणीं परिश्रमपूर्वक निरोप दिला होता, त्यालाच या कामांत त्यानें सन्मानानें परत बोलाविलें.

यानंतरचीं वर्षें कठीण गेलीं. १९५३ सालीं ओल्ड व्हिक नाट्यगृहांत टी. एस. एलिअट यांच्या ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ या नाटकांत त्यानें आर्चबिशप टॉमस बेकेटची भूमिका केली. या भूमिकेंत नाताळच्या सकाळचें एक दीर्घ प्रवचन आहे. तेथें नटाला ना हालचालीचा आधार, ना दुसऱ्या पात्राचा. पडद्यामागें प्राणवायूचीं नळकांडीं ठेवलेलीं असत असें सांगतात. भूमिकेची प्रशंसा झाली, पण प्रकृतीनें दगा दिला; रंगभूमीवरचें हें त्याचें अखेरचें काम ठरलें. ‘हॉब्सन्स चॉइस’ या डेव्हिड लीन यांच्या चित्रपटांतील भूमिका दम्यामुळेंच सोडावी लागली व ती जॉन मिल्स यांनीं केली. १९५४ सालीं ‘लीज ऑफ लाइफ’ या चित्रपटांत आपलें आयुष्य थोडकेंच उरलें आहे असें कळलेल्या पाद्र्याची भूमिका त्यानें केली. त्यानंतर चार वर्षें पडदा रिकामा राहिला.

१९५८ सालीं ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ या चित्रपटांत, इन्ग्रिड बर्गमन हिच्याबरोबर, एका वृद्ध चिनी मँडरिनची भूमिका त्यानें स्वीकारली. चीनचे डोंगर म्हणून वेल्समधील डोंगर वापरले होते. शेवटच्या प्रसंगांत हा मँडरिन नायिकेचा निरोप घेतो, आणि आपली पुन्हां भेट होईल असें वाटत नाहीं, असें सांगतो. हे शब्द लेखकानें पात्रासाठीं लिहिलेले होते. परंतु बोलणारा आणि ऐकणारे या सर्वांना त्यांचा दुसरा अर्थ ठाऊक होता. ९ जून १९५८ रोजीं लंडनमध्यें डोनॅटचें निधन झालें. वय त्रेपन्न. चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला.

दु:खानें कला परिपक्व होते असें म्हणण्याची एक चाल आहे. मला ती सरसकट मान्य नाहीं. दमा नसता तर डोनॅटची कला कमी झाली असती, असें मानण्यास कोणताहि आधार नाहीं. उलट रंगभूमीला आणखी कांहीं राजे, कांहीं विदूषक, आणि त्या माणसाला थोडी सुखाची झोंप मिळाली असती. नुकसान तें नुकसानच. मात्र एक गोष्ट त्याच्या हातीं होती आणि ती त्यानें केली. श्वास मोजका मिळाला, तेव्हां तो कोठें खर्च करावयाचा हें त्यानें स्वत: ठरविलें. दहा सामान्य भूमिकांऐवजीं एक मनासारखी, आणि त्या एकीची पूर्वतयारी दहांइतकी, हा त्याचा हिशेब होता. त्याच्या आवाजांतील इंग्रजी कवितांचीं ध्वनिमुद्रणें आजहि ऐकावयास मिळतात. श्रोत्यांनीं तीं अवश्य ऐकावीं. त्यांत कष्टाची खूण सांपडत नाहीं. वाक्य सुरू होतें, सावकाश पुढें जातें, आणि जेथें थांबावयाचें तेथेंच थांबतें.